उंड्यांच्या डोंगरावरचा दिवस

देगलूरच्या आमच्या घरात शिरलं की आधी लोकरीचा वास यायचा आणि मग चिंचोक्याच्या खळीचा. आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, घोंगड्यांचा व्यापार होता. आजूबाजूच्या गावांतले धनगर घोंगड्या विणून, खळ देऊन, वाळवून आणत आणि आप्पा त्या ओसरीवर पसरून बोटांनी तपासत. तपासताना ते डोळे जवळजवळ मिटून घेत. डोळ्यांनी घोंगडी बघणारा व्यापारी फसतो, असं त्यांचं म्हणणं. सूत किती पिळाचं, कुठं घाईनं कातलंय, कुठं जुनी लोकर मिसळलीय, हे सगळं त्यांच्या अंगठ्याला कळायचं. समोर बसलेला धनगर त्या अंगठ्याकडे असा बघत राहायचा, की जणू परीक्षेचा निकाल तिथंच लागणार आहे.

घरात तीन भाषा नांदत होत्या. अव्वा, म्हणजे माझी आई, निलंग्याकडची. ती रागावली की कन्नडमध्ये रागवायची, आणि तिचा राग आम्हाला पूर्ण कळू नये म्हणूनच ती तसं करते असं मला वाटे. दारावर येणारे विक्रेते तेलुगू मिसळून बोलत. कचेरीतला कागद उर्दूत यायचा. मराठी आमची, पण तीसुद्धा लातूरला सासरी आल्यावर मला बरीच धुवून घ्यावी लागली. अजूनही मला अचानक ठेच लागली तर तोंडातून ‘अव्वा’च निघतं. सुनेला त्याचं हसू येतं.

अव्वा भादव्यात गेली. पाच दिवसांचा ताप. त्याबद्दल मी इथं जास्त लिहीत नाही. लिहायला बसले की त्या पाच दिवसांचं काही आठवत नाही, फक्त तिच्या पायथ्याशी ठेवलेली पितळी तपेली आठवते. मी तेव्हा तेरा वर्षांची होते. धाकटं भावंड कुणी नव्हतं. विधवा काकूंनी स्वयंपाकघर हातात घेतलं आणि घर वरवर पाहता तसंच चालू राहिलं. जातं त्याच वेळी फिरायचं, गवळी त्याच वेळी यायचा. फक्त आप्पा जेवेनासे झाले. म्हणजे पाटावर बसत, भाकरी मोडत, दोन घास खात, उरलेली चतकोर ताटात तशीच ठेवून उठत. काकू म्हणत, “भावजी, अजून एक घास.” आप्पा म्हणत, “झालं.” आवाजात राग नाही, दुःखही नाही. काकू ताट उचलून आत नेत आणि परसात गाईपुढं रिकामं करत. दिवाळी आली नि गेली. संक्रांतीपर्यंत आप्पांच्या अंगरख्याच्या बाह्या इतक्या सैल झाल्या, की हात वर केला की कोपर दिसायचं.

माझ्या यजमानांना जाऊन आता सहा महिने होत आलेत. सून माझ्यासमोर ताट ठेवते आणि मी पुस्तक वाचत असल्याचं दाखवून ते तासभर तसंच राहू देते. न जेवणं किती सोपं असतं, हे मला या वयात कळलं. त्याला काही ठरवावं लागत नाही. म्हणूनच बहुधा हे प्रकरण मी आत्ता लिहिते आहे; एरवी माझ्या शाळेच्या आठवणींनंतर ते यायला हवं होतं.

पुढचं समजायला आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. आम्ही लिंगायत. मूल जन्मलं की त्याच्या अंगावर इष्टलिंग येतं आणि ते मातीत जाईपर्यंत अंगावरच राहतं. चांदीच्या छोट्या डबीत, म्हणजे करडगीत, ते ठेवायचं आणि दोऱ्यानं गळ्यात बांधायचं. त्या दोऱ्याला शिवदोरा म्हणतात. रोज सकाळी लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, आणि पूजा होईपर्यंत पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. आणि ते हरवलं तर? घरात याबद्दल कुणी मोठ्यानं बोलत नसे, पण आम्हा पोरांना ते ठाऊक असे. लिंग हरवलं की अन्नपाणी बंद. सापडलं तर ठीक. नाही सापडलं तर स्वामींकडे जाऊन, प्रायश्चित्त घेऊन नवं मागता येतं, असं समजुतीची माणसं म्हणत. कडक माणसं म्हणत, नव्याची वाट बघायची नसतेच. आप्पा कडक नव्हते. निदान मला तसं वाटायचं.

दर संक्रांतीला घरातल्या सगळ्यांचे शिवदोरे अव्वा बदलायची. नऊ पदरी सूत घ्यायचं, मांडीवर उजवीकडे पीळ द्यायचा, मग दुमडून उलटा, डावीकडे पीळ द्यायचा. त्या उलट्या पिळानं दोरा स्वतःलाच धरून ठेवतो. शेवटी मेणाचा हात फिरवायचा. त्या संक्रांतीला काकू म्हणाल्या, “गिरिजा, मला आता सुताचे पदर दिसत नाहीत गं. तूच कर.” मी केले. वाचनालयातून आणलेलं एक पुस्तक मी समोर उघडं ठेवलं होतं, त्यात एका जहाजाला खडकावर आपटायची वेळ आली होती, आणि मी मांडीवर सूत वळत वळत वाचत होते. काकूंचा आणि माझा दोरा आधी झाला होता. आप्पांचा शेवटी केला. दुसऱ्यांदा पीळ देताना हात पुन्हा उजवीकडेच गेला. वर मेण लावलं, दोरा गुळगुळीत दिसला. मी तो आप्पांच्या हातात दिला आणि जहाजाकडे परत गेले.

चारच दिवसांनी करीममास्तर आले. ते सरकारी मदरशात जुगराफिया, म्हणजे भूगोल, शिकवत. आप्पांचे लहानपणापासूनचे दोस्त. जाडजूड, मेंदी लावलेली दाढी, आणि हातात बारा महिने छत्री. मला उर्दू त्यांनीच घरी येऊन शिकवलं होतं. त्या दिवशी त्यांनी ओसरीवर पाऊल ठेवताच सुरुवात केली.

“क्या विरप्पा, कित्ते दिन हुए, घर के बाहर पाँव नै रखे! ऐसेच बैठे रहे तो लोगां तुमकूच घोंगडी समझ के मोल करते.”

आप्पा किंचित हसले. “जीव लागत नाही मास्तरसाहेब कुठं.”

“जी कू किसने बुलाया? जी कू घर में छोडो. पाँवां लेके आओ, बस. जुम्मे की छुट्टी है. उंड्यां का डोंगर देखने चलिंगे. और ये किताब की कीडी कू भी लेलो.” ती कीड म्हणजे मी.

आप्पा नाही म्हणतील असं वाटलं होतं. पण काकू आतून चटकन म्हणाल्या, “मी धपाटे करते,” आणि त्यानंतर नाही म्हणायला जागा उरली नाही.

शुक्रवारी दिवस उगवायच्या आत पूजा आटोपून आम्ही बैलगाडीनं निघालो. थंडी होती, आणि मी आप्पांच्या शेजारी एकाच घोंगडीत बसले होते, तरी त्यांच्या अंगाची ऊब लागत नव्हती. दोन्ही बाजूंना हुरड्यात आलेली ज्वारी होती. आमच्या भागातली जमीन बाकी मराठवाड्यासारखी काळी, सपाट नाही. देगलूर सोडून तेलंगणाच्या बाजूला निघालं की माती तांबूस होते आणि मधूनमधून जमिनीतून मोठमोठे गोल धोंडे वर आलेले दिसतात. आधी एकटेदुकटे, रानात बसलेल्या म्हशींसारखे. मग कळपानं. आणि मग एकदम समोर डोंगराची ती लांबच लांब धार दिसते, जिच्या माथ्यावर धोंड्यांवर धोंडे रचलेले आहेत. घराएवढा धोंडा दोन लहान धोंड्यांवर टेकलेला. एकावर एक असे चार, आणि सगळ्यात वर छोटासा पाचवा. एक तर असा, की त्याच्या आणि खालच्या खडकाच्या मधून पलीकडचं आभाळ दिसावं. मी लातूरला आल्यावर लोकांना हे सांगितलं की त्यांना खोटं वाटे. इकडचे डोंगर पाटासारखे. इकडे धोंडा म्हणजे विहीर खोदताना लागतो तो.

पायथ्याच्या वाडीत गाडी सोडली. तिथं मल्लव्वा भेटली. ही धनगरीण आप्पांना घोंगड्या द्यायची. साठीची, काटक, कपाळभर भंडारा, आणि हातात काठी. तिच्या शेळ्या धारेवरच चरायच्या, म्हणून तीच आमची वाटाडी झाली. आप्पांना बघून ती थबकली. सरळच म्हणाली, “सावकार, हे काय वं! काडीवानी झालाव की. अव्वा गेल्याचं कानावर आलं व्हतं. पर मागं तुमी ऱ्हायलाव की न्हाई?”

आप्पा म्हणाले, “चल मल्लव्वा, ऊन व्हायच्या आत.”

चढ फार नव्हता, पण खडक गुळगुळीत होते. मल्लव्वा अनवाणी पुढं, मी तिच्या मागं, आप्पा माझ्या मागं, आणि सगळ्यांत शेवटी छत्री टेकत, धापा टाकत मास्तर. दर दहा पावलांवर थांबून ते आम्हाला काहीतरी दाखवत, आणि ते शिकवणं होतं की दम घेणं, हे सांगता आलं नसतं. मी विचारलं, हे धोंडे कुणी रचले? मल्लव्वा म्हणाली, “देवानं. भाकऱ्या कराया उंडे करून ठिवले, आन तवा तापायची वाट बघता बघता इसरला. हाव, म्हून तर नाव पडलं.”

मास्तरांना ते फार आवडलं. “वा, वा! बात तो सहीच है. मगर सुन गिरिजा. ये रच्चे नै किसने. पहले सब एकच पत्थर था, जमीन के अंदर. उसके चिरां में पानी गया, नरम नरम मिट्टी बह गई, और कडक गाभा रह गया. ऊपर का सब जाने के बाद जो रहता, वो ये है.”

“म्हंजी देवानं रचले न्हाईत?” मल्लव्वा.

“अल्लाह ने पानी भेजा ना, माँ. मिट्टी काढने का काम उसकाच है.”

“मंग मी काय येगळं सांगून ऱ्हायले?” ती म्हणाली आणि पुढं निघाली. आप्पा हसले. आवाज न करता, पण हसले. मी ते बघितलं.

माथ्यावर एक लांबट, कुबड निघालेला धोंडा होता. मल्लव्वानं हातातल्या दगडानं त्यावर टोला दिला आणि तो वाजला. दगडासारखा नाही, काशाच्या मोठ्या परातीसारखा. आवाज बराच वेळ हवेत राहिला आणि मग धारेवरून पलीकडे उतरून गेला असं वाटलं. मास्तरांनी छत्रीच्या दांड्यानं वाजवून पाहिलं, मी वाजवलं. एकाच धोंड्यावर दोन हात इकडे मारलं की एक सूर, तिकडे मारलं की दुसरा. आप्पांनी मात्र त्यावर फक्त तळहात ठेवला आणि मला म्हणाले, “तू वाजव.” मी वाजवलं. डोळे मिटून ते तसेच उभे राहिले, घोंगडी बघायचे तसे.

तिथून पुढं दोन प्रचंड धोंड्यांमधली फट होती. आडवं होऊन सरकत गेलं की पलीकडच्या सपाटीवर निघायचं, तिथून म्हणे मांजरा नदीची रेघ दिसते. मास्तरांनी फटीकडे आणि मग स्वतःच्या पोटाकडे पाहिलं, आणि वळसा घालून जायला निघाले. मल्लव्वा आणि मी सरकत पार झालो. आप्पा मागून येत होते. त्यांचं अंग खडकाला घासल्याचा आवाज आला, मग ते थांबले. आणि मग तो आवाज आला, जो मी आजही तंतोतंत काढून दाखवू शकेन. टक. टक टक. थोडं थांबून, खूप खालून, आणखी एकदा टक.

आप्पा फटीतून बाहेर आले. त्यांच्या हातात दोरा होता. दोरा कसला, पिंजारलेलं सूत. एका जागी खडकाला घासून पदर तुटला होता आणि तिथून सगळा पीळ उकलत गेला होता. उलटा पीळ असता तर एक पदर तुटून दोरा तिथंच थांबला असता. करडगी लिंगासकट धोंड्यांच्या बुडाशी असलेल्या भेगेत गेली होती. मी त्या सुताकडे पाहिलं, आणि माझ्या मांडीवरून हात उजवीकडे जातानाची जाणीव जशीच्या तशी परत आली.

मास्तर वळसा घालून धावत आले. मग दोन तास खटपट चालली. मी भेगेला डोळा लावला तर कमरेएवढ्या खोलीवर चांदी चमकताना दिसली. हात पोहोचत नव्हता. मास्तरांनी छत्री आत घातली, ती वाकली. मग धावड्याचा डिंक शोधून, तोंडात चघळून मऊ केला, काठीच्या टोकाला लावला आणि पालथे पडून मोठ्या हुशारीनं ती आत सोडली. काठी करडगीला टेकली. करडगी जराशी उचलली गेली, सुटली, आणि आणखी आत घरंगळून दिसेनाशी झाली. मास्तर तसेच पालथे पडून राहिले. “तोबा,” एवढंच म्हणाले.

मल्लव्वा म्हणाली, खालच्या बाजूनं एक बीळ आहे, तिचं करडू एकदा त्यात शिरून थेट या धोंड्याच्या पोटात गेलं होतं. बारीक माणूस पोटावर सरपटत जाऊ शकेल. मी लगेच म्हणाले, मी जाते. “नाही,” आप्पा म्हणाले. “साळिंदराचं बीळ असतं. साप असतो. तू जायचं नाहीस.”

“मंग तुमी जावा सावकार. तुमच्या अंगावर ऱ्हायलंय काय अडकायला?”

आप्पा सावलीत जाऊन बसले होते. पाठ खडकाला टेकलेली, हात मांडीवर. “राहू दे मल्लव्वा,” ते म्हणाले. “शिवाचं होतं, शिवाकडे गेलं.”

ऊन डोक्यावर आलं होतं. मी तांब्यातून पाणी घेऊन गेले. “आप्पा, पाणी.”

“लिंग नाही, तर पाणी नाही बाळ. तू पी.”

“मग उद्या स्वामींकडे जाऊ. ते नवं देतील.”

“बघू,” ते म्हणाले. आणि त्यांचा चेहरा बघून मी तांब्या खाली ठेवला. अव्वा गेल्यापासून इतका शांत चेहरा मी पाहिला नव्हता. भुवया सैल, ओठ सैल. दिवसभराचं काम संपवून माणूस बसतो तसे ते बसले होते. घरी चार-पाच महिने चतकोर चतकोर भाकरी मागं ठेवून जे जमत नव्हतं, ते आता एकदम झालं होतं, आणि तेही कुणी बोट दाखवणार नाही अशा रीतीनं. लोक हात जोडून म्हणाले असते, विरप्पा शेवटपर्यंत नेमाचा राहिला.

मी त्यांच्यासमोर बसले आणि सांगून टाकलं. “आप्पा, दोरा मी चुकवला. मी पुस्तक वाचत होते. दोन्ही पीळ एकाच अंगाला दिले.”

“माहीत आहे मला,” ते म्हणाले. “गळ्यात बांधतानाच बोटांना लागला होता.”

मला आधी ते कळलंच नाही. मग हळूहळू कळलं. पन्नास घोंगड्यांत एक सैल धागा मिटल्या डोळ्यांनी शोधणारा माणूस. त्यानं तो दोरा हातात घेतला, अंगठा फिरवला, ओळखलं, आणि गळ्यात बांधला.

“मग का बांधलात?” मी विचारलं. आप्पांनी ते पिंजारलेलं सूत बोटाभोवती गुंडाळायला घेतलं.

मी रडले नाही. मला रडू येत नव्हतं, राग येत होता, आणि वडिलांचा राग येऊ शकतो हेच मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं. मी उठले. गळ्यातला माझा शिवदोरा डोक्यावरून काढला. तो चांगला वळलेला होता. लहानपणापासून तो अंगावेगळा केलेला मला आठवत नव्हता. गळा एकदम उघडा, थंड वाटला. भेगेपाशी गेले आणि करडगी दोऱ्यासकट भेगेवर धरली.

“काय करतेस?” आप्पा म्हणाले.

“माझंही टाकते. मग मीही पाणी पीत नाही. दोघं बसू.”

मास्तर काही बोलायला गेले, मल्लव्वानं त्यांच्यापुढं काठी आडवी धरली. सगळीकडे इतकं सामसूम होतं, की खाली कुठंतरी शेळी पाला ओरबाडत होती ते ऐकू येत होतं. करडगी भेगेच्या कडेला लागून बारीक वाजत होती. मी आप्पांकडे बघत नव्हते. बघितलं असतं तर हात मागं घेतला असता.

मग माझ्या मनगटावर त्यांचा हात पडला. घट्ट, दुखेल इतका. कितीतरी महिन्यांत त्यांनी मला हात लावला नव्हता. त्यांनी माझ्या हातातला दोरा काढून घेतला, माझ्या डोक्यावरून घातला, करडगी नीट गळ्यात सारली आणि तिच्यावर तळहात ठेवून काही वेळ तसेच उभे राहिले. नंतर त्यांनी पागोटं काढून मास्तरांच्या हाती दिलं, अंगरखा काढला. उघड्या अंगावरच्या फासळ्या मोजता आल्या असत्या. मास्तरांनी तोंड वळवलं.

“कुठं आहे बीळ?” आप्पांनी मल्लव्वाला विचारलं.

ते पोटावर सरपटत आत गेले. आधी खांदे, मग कंबर, मग पायांचे तळवे दिसेनासे झाले. मल्लव्वानं बिळाच्या तोंडाशी काठी आपटत तेलुगूत सापाला की देवाला दटावायला सुरुवात केली. मी वर भेगेला कान लावून पडले. आतून घासल्याचा आवाज, धाप, एकदा “हं”, मग बराच वेळ काहीच नाही. तो वेळ किती होता मला सांगता येणार नाही. मी भेगेत तोंड घालून हाक मारली, “आप्पा!” आणि माझाच आवाज खालून मोठा होऊन परत आला. त्याच्या मागोमाग आप्पांचा. “अगं ओरडू नकोस, कान बसले माझे. सापडलं.”

बाहेर आले तेव्हा कोपरं सोलवटली होती, केसांत कोळिष्टकं, छातीवर तांबडी माती, आणि मुठीत करडगी. खडकातल्या खळग्यात साठलेलं पाणी होतं, त्यानं त्यांनी हातपाय धुतले. करडगी उघडली. लिंग शाबूत होतं. तळहातावर घेऊन तिथंच, त्या वाजणाऱ्या धोंड्याला टेकून त्यांनी पूजा केली. विभूती त्यांच्या कनवटीला असायचीच. मग पाणी प्यायले. गळ्याची घाटी वरखाली होताना मी मोजत होते.

मल्लव्वानं तिच्या घोंगडीच्या दशा तोडून, सुपारी कातरायला लागेल तेवढ्या वेळात, मांडीवर एक लोकरी दोरा वळून दिला. आप्पांनी तो हातात घेतला, अंगठा फिरवला, आणि मान हलवून गळ्यात बांधला.

मग शिदोरी सोडली. धपाटे, दही, जवसाची चटणी, भाजलेल्या शेंगा. मास्तरांच्या बेगमसाहेबांनी मुद्दाम नव्या कढईत तळून दिलेले गुलगुले. “नवी कढई है, कसम से,” मास्तर म्हणाले, “तुम्हारे वास्ते खरीदवाई. अब नै खाए तो वो मेरे सर पे मारती.” आप्पांनी एक धपाटा खाल्ला. मग दुसरा. आम्ही तिघं चोरून बघत होतो. तिसऱ्याला त्यांनी मान वर केली. “असं काय बघताय? तुम्ही खा की.” मल्लव्वा पदर तोंडाला लावून हसली आणि तिच्या फडक्यातली भाकरी काढून तिनं निम्मी त्यांच्यापुढं ठेवली.

उन्हं कलली तेव्हा आम्ही उतरायला लागलो. मास्तर आणि मल्लव्वा पुढं, अजून धोंडे कुणी केले यावर वाद घालत. आप्पा माझ्या मागं होते. बरंच खाली आल्यावर त्यांनी हळूच विचारलं, “खरंच टाकलं असतंस?”

“हो,” मी म्हणाले.

ते खरं होतं की नाही, ते मला अजून ठाऊक नाही. एवढ्या वर्षांत मी स्वतःला ते कितीदा तरी विचारलं आहे. पण हो म्हणाले ते बरं झालं. आप्पा त्यानंतर खूप वर्षं जगले, माझं लग्न, माझी नोकरी, नातवंडं बघून गेले, आणि त्या दिवसाबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

पायथ्याला बैल जुंपून गाडी उभी होती. आप्पा चाकाजवळ थांबले, चप्पल काढून त्यातला खडा झटकला, आणि गाडीत चढता चढता म्हणाले, “काकूनं संध्याकाळला काय केलं असेल गं?”

“दोडका म्हणत होत्या.”

“दोडका!” आप्पा म्हणाले. तोंड वाकडं करून, लहान मुलासारखं. “हिला दुसरी भाजी मिळत नाही का बाजारात?”